स्वादुपिंडाचा जुनाट दाह : पोटभर जेवूनही वजन का उतरते?

कवडसा (प्रश्न)

माझा थोरला भाऊ ४४ वर्षांचा आहे. त्याला स्वादुपिंडाचा जुनाट दाह, म्हणजे क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस, असल्याचे निदान सहा वर्षांपूर्वी झाले. पहिली चार वर्षे सगळ्यांचे लक्ष पोटदुखीवरच होते. दुखणे उठले की रुग्णालय आणि शमले की पुन्हा काम, असा क्रम चालू होता. गेल्या दीड वर्षात दुखणे पुष्कळ कमी झाले, म्हणून आम्ही निर्धास्त झालो होतो. पण नेमक्या त्याच काळात त्याचे वजन ७१ किलोवरून ५८ किलोवर आले. दादाने कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने स्वतःच तिसरे भोक पाडले, तेव्हा कुठे ते आमच्या डोळ्यांत भरले.

जेवण कमी झालेले नाही, हे मी खात्रीने सांगू शकते. उलट त्याला सारखी भूक लागते. लिहायला संकोच वाटतो, पण न लिहून चालणार नाही : मल फिकट, मातकट रंगाचा, भरपूर आणि फार दुर्गंधीचा असतो, भांड्याला चिकटतो, दोन-तीनदा पाणी सोडावे लागते, आणि पाण्यावर तेलाचा तवंग स्पष्ट दिसतो.

निदान झाले तेव्हा एका डॉक्टरांनी तेलकट पदार्थ पूर्ण बंद करण्यास सांगितले होते. वहिनीने ते इतके मनावर घेतले, की आता घरात दादाचा स्वयंपाक जवळजवळ बिनतेलाचाच होतो. एन्झाइमची, म्हणजे अन्न पचवणाऱ्या पाचक द्रव्यांची, १०,००० युनिटची एक कॅप्सूलही चालू आहे. ती पचनाची असल्यामुळे दादा जेवणानंतर अर्ध्या तासाने घेतो. माझे प्रश्न असे : खाल्लेले अंगी का लागत नाही? तेल-लोणी असेच कायमचे बंद ठेवायचे का? आणि दुखणे कमी झाले, याचा अर्थ आजार कमी झाला असा घ्यायचा का?

पाणवठा

मी आहारतज्ज्ञ म्हणून अशा रुग्णांबरोबर बरीच वर्षे काम केले आहे. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण फसगत तिथेच होते. दुखणे कमी होणे म्हणजे आजार बरा होणे नव्हे. या आजारात पाचकरस तयार करणाऱ्या पेशींच्या जागी हळूहळू चिवट तंतू येतात, नलिका कुठे आक्रसतात तर कुठे फुगतात, त्यांत कॅल्शियमचे खडे साठतात, आणि झालेली हानी भरून येत नाही. काही जणांत याच टप्प्यावर वेदना ओसरते आणि पचनाचा बिघाड पुढे येतो. तो उशिरा येण्याचे कारण असे, की स्वादुपिंडाची शिल्लक फार मोठी असते. लायपेज या मेद पचवणाऱ्या एन्झाइमचे प्रमाण मूळच्या सुमारे १० टक्क्यांच्या खाली गेल्याशिवाय मलात चरबी ठळकपणे पडू लागत नाही, हे १९७३ मध्ये मोजमाप करून दाखवले गेले. म्हणजे तेलाचा तवंग दिसला, त्याच्या कितीतरी आधीपासून घट चालू असणार.

आता पहिला प्रश्न. निरोगी स्वादुपिंड दिवसाकाठी साधारण दीड लीटर रस लहान आतड्यात सोडते. त्यात एन्झाइम असतात, तसेच जठरातून आलेल्या आम्लाला निवळवणारे बायकार्बोनेटही असते, आणि आजारात दोन्ही आटतात. पिष्टमय पदार्थांसाठी लाळेतले आणि आतड्याच्या अस्तरातले एन्झाइम हाताशी असतात. प्रथिनांवर जठरातले पेप्सिन थोडेफार काम उरकते. मेदाला मात्र लायपेजवाचून खरा पर्याय नाही, कारण जठरातील लायपेजचा वाटा लहान असतो. त्यातून लायपेज जात्याच नाजूक. बायकार्बोनेट कमी पडून आतड्यातला सामू (पीएच; आकडा जितका लहान तितकी आम्लता जास्त) ४ च्या खाली गेला, की ते कायमचे निकामी होते, आणि त्याच आम्लतेत पित्तक्षारही साक्यासारखे खाली बसतात, त्यामुळे मेदाचे बारीक थेंब होण्याचे कामही अर्धवट राहते. (आपण 'पित्त झाले' म्हणतो ते जठरातले आम्ल, इथे म्हणते आहे ते यकृतातून येणारे पित्त. बोलण्यातल्या या सरमिसळीमुळे अनेक रुग्ण केवळ 'पित्ताच्या गोळ्या' घेत बसतात.)

हिशेब करून पाहा. दिवसाला १०० ग्रॅम मेद खाणाऱ्या निरोगी माणसाच्या मलात ७ ग्रॅमपेक्षा कमी मेद सापडतो. समजा आपल्या बंधूंच्या शरीरातून रोज ४० ग्रॅम मेद न पचता बाहेर पडत असेल, तर एका ग्रॅमला ९ याप्रमाणे ३६० किलोकॅलरी रोज वाया जातात. तीन आठवड्यांत ही तूट साधारण एक किलो चरबीइतकी होते. शिवाय प्रथिनेही पूर्ण पचत नाहीत, म्हणून केवळ चरबीच नव्हे, तर दंड आणि मांड्यांचे स्नायूही झडतात. वजनाच्या काट्यावर हे वेगळे दिसत नाही. दंडाचा घेर, हाताची पकड आणि खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठता येते का, हे पाहिल्यास अधिक कळते.

तेल-लोणी बंद करण्याचा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई आणि तो देणाऱ्याचा हेतूही चांगलाच असे. मेद कमी खाल्ला की तवंग कमी दिसतो, हे खरेच आहे. पण तवंग कमी दिसणे आणि पोषण सुधारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या माणसाचे १३ किलो वजन घटले आहे, त्याच्या आहारातून सर्वांत जास्त ऊर्जा देणारा घटकच काढून घेणे म्हणजे त्याला आणखी उपाशी ठेवणे होय. क्लिनिकल न्यूट्रिशनवरील युरोपीय संघटनेच्या, म्हणजे एस्पेनच्या, २०२० च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात : मेदावर सरसकट बंधन नको, एन्झाइम पुरेसे देऊनही मल तेलकटच राहिला, तरच त्याचा विचार करावा. कुपोषित रुग्णाने भरपूर ऊर्जेचा आणि भरपूर प्रथिनांचा आहार पाच-सहा लहान जेवणांत विभागून घ्यावा. वहिनींना हे शांतपणे समजावून सांगा. त्यांनी इतकी वर्षे काळजीपोटीच तेल तोडले असणार, तेव्हा त्यांना दोष लागेल अशा शब्दांत नको.

आणि कॅप्सूल. जेवणानंतर अर्ध्या तासाने घेतलेली कॅप्सूल म्हणजे वरातीमागून घोडे. तिच्यातले बारीक दाणे अन्नात मिसळून अन्नाबरोबरच जठरातून पुढे सरकले पाहिजेत. त्यांच्यावरचे आवरण आम्लात टिकते आणि आतड्यातला सामू साधारण ५.५ च्या वर गेला की विरघळते. म्हणून ती जेवताना घ्यायची : पहिल्या घासांबरोबर, आणि एकाहून अधिक असतील तर काही जेवणाच्या मध्यावर. मुख्य जेवणासाठी सुरुवातीची मात्रा साधारणपणे ४०,००० ते ५०,००० लायपेज युनिट आणि मधल्या खाण्यासाठी त्याच्या निम्मी धरली जाते. १०,००० ची एकच कॅप्सूल, तीही उशिरा, हे प्रमाण मला फार तोकडे वाटते. मात्रा त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवावी. पण हा आकडा घेऊन त्यांच्याकडे जाण्यात काही गैर नाही.

तिठा

मी स्वतः नऊ वर्षे या आजाराचा रुग्ण आहे. वरच्या उत्तरात शास्त्र आले आहे. मी त्याची घरातली बाजू सांगतो.

वजन घटण्याचे एक कारण कोणत्याच अहवालात येत नाही, ते म्हणजे अन्नाची धास्ती. जेवलो की दुखते, हे शरीराने इतक्यांदा अनुभवलेले असते की दुखणे थांबल्यानंतरही हात आपोआप आखडतो. मी ताटात वाढलेले सगळे संपवतो, असे घरचे छातीठोकपणे सांगत असत. प्रत्यक्षात मी वाढून घेतानाच निम्मे घेत होतो, आणि हे माझे मलाही ठाऊक नव्हते. एका आहारतज्ज्ञांनी आठवडाभर प्रत्येक घासाची नोंद वहीत करायला लावली, तेव्हा ते उघडे पडले. आपल्या दादांना भूक लागते, ही त्या मानाने चांगली गोष्ट आहे. तरीही अशी वही एकदा लिहून पाहावी.

कॅप्सूलच्या बाबतीत मी जवळजवळ सगळ्या चुका केल्या. आधी जेवणापूर्वी घेतली, मग जेवणानंतर घेतली, मग गिळायला त्रास होतो म्हणून दाणे चावून खाल्ले आणि तोंडाच्या आतून सोलून निघालो, कारण ते एन्झाइम तोंडाच्या अस्तरालाही सोडत नाहीत. आता माझी पद्धत ठरलेली आहे. ताटाशेजारी लहानशी डबी असते. दोन कॅप्सूल पहिल्या दोन घासांबरोबर, एक अर्धे जेवण झाल्यावर, आणि तिन्ही गार पाण्याबरोबर. दुधाचा पेला किंवा मूठभर दाणे खाल्ले तरी एक लागतेच. नुसते फळ किंवा बिनदुधाचा चहा असेल तर माझ्या डॉक्टरांनी ती घ्यायला सांगितलेली नाही. चारचौघांत डबी उघडायची लाज वाटायची, म्हणून बाहेर जेवताना मी कितीतरी वेळा टाळली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची किंमत चुकती व्हायची. डबी उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नये, उष्णतेने एन्झाइमची ताकद जाते.

आणखी एक गोष्ट कुणीतरी मला वेळेवर सांगायला हवी होती. संध्याकाळी दिवे लागण्यापूर्वीच्या अंधूक उजेडात जिन्याच्या शेवटच्या पायरीवर माझा पाय चुकू लागला. चष्म्याचा नंबर वाढला असेल असे समजून मी एका वर्षात दोन चष्मे केले. पुढे रक्ततपासणीत अ जीवनसत्त्व अगदी तळाला गेलेले आढळले. त्याच वेळी ड जीवनसत्त्वही कमी निघाले आणि हाडांची घनता माझ्या वयाच्या मानाने बरीच कमी होती. पोटाच्या आजाराचे धागे डोळ्यांपर्यंत आणि हाडांपर्यंत जातात, हे मला तोवर सुचलेच नव्हते.

दारू मी निदानाच्या दिवशी सोडली, पण सिगारेट सोडायला तीन वर्षे घेतली. ती फुप्फुसांची बाब आहे, पोटाची नव्हे, अशी माझी समजूत होती. धूम्रपान स्वादुपिंडाची हानी स्वतंत्रपणे वाढवते. दादांना यांपैकी काही लागू असेल तर तेही पाहावे.

उगवती

पचन मंद असेल तर कोंड्यासकट धान्य आणि कच्च्या भाज्या भरपूर खाव्यात, असे मी सर्वत्र वाचले आहे. शिवाय नारळापासून काढलेले एमसीटी तेल लायपेजशिवाय पचते म्हणतात. मग महागड्या कॅप्सूलऐवजी सगळा मेद त्याच रूपात का देऊ नये?

पाणवठा

या दोन्ही गोष्टी इतर संदर्भांत योग्य असतील, पण इथे जपून. भरपूर चोथा असलेला आहार लायपेजच्या कामात अडथळा आणतो, वायू वाढवतो, आणि मुख्य म्हणजे थोडक्या ऊर्जेत पोट भरून टाकतो; ज्याला वजन वाढवायचे आहे त्याला पोटातली जागा अशी खर्च करणे परवडत नाही. भाज्या बंद करा असे मी म्हणत नाही. शिजवलेल्या, बेताच्या असाव्यात.

एमसीटी म्हणजे मध्यम लांबीच्या साखळीचा मेद. तो पचायला सोपा असतो आणि पचल्यावर बराचसा थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तात शोषला जातो, हे खरे आहे. मात्र त्याची चव अनेकांना सोसत नाही, जास्त घेतल्यास पोटात कळा येऊन जुलाब होतात, शरीराला लागणारी आवश्यक मेदाम्ले त्यात नसतात, आणि पुरेशा एन्झाइमबरोबर घेतलेल्या साध्या मेदापेक्षा त्याचा लाभ अधिक असल्याचे दिसलेले नाही. कॅप्सूलची मात्रा नीट बसवूनही वजन वाढत नसेल, तर तो पुढचा पर्याय म्हणून ठेवावा.

दिवेलागण

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, म्हणून थोडे अवांतर. पण ते मूळ प्रश्नाशी जोडलेलेच आहे. स्वादुपिंडाचा आणि मेदाचा संबंध क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाला १८४६ च्या सुमारास सशांमध्ये दिसला. सशाची पित्तनलिका जठराच्या अगदी जवळ उघडते, पण स्वादुपिंडाची नलिका आतड्यात बरीच पुढे, साधारण फूटभर खाली, उघडते. मेदयुक्त अन्न दिलेल्या सशाचे पोट उघडल्यावर, मेद वाहून नेणाऱ्या सूक्ष्म रसवाहिन्या दुधासारख्या पांढऱ्या दिसल्या त्या या दुसऱ्या नलिकेच्या पुढेच. तिच्या अलीकडे, पित्त मिसळलेले असूनही, त्या रिकाम्या होत्या. वर्गात हे सांगितल्यावर 'पित्ताने चरबी पचते' हे अर्धसत्य विद्यार्थ्यांच्या डोक्यातून कायमचे निघून जाते.

त्याच रसवाहिन्यांतून मेदात विरघळणारी अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे शरीरात शिरतात. मेद शोषला गेला नाही की तीही मलाबरोबर जातात. के कमी पडल्यास रक्त गोठायला वेळ लागतो. किरकोळ लागल्यावर मोठे काळेनिळे डाग पडत असतील तर ते डॉक्टरांना सांगावे. बी-१२ पाण्यात विरघळणारे असूनही इथे सापडते, याचे कारण मोठे मजेदार आहे : अन्नातले बी-१२ जठरात एका प्रथिनाला जाऊन बिलगते, आणि स्वादुपिंडाच्या प्रथिन-पाचक एन्झाइमांनी ती मिठी सोडवल्याशिवाय ते आपल्या खऱ्या वाहकापर्यंत पोहोचतच नाही. जस्त, मॅग्नेशियम आणि सेलेनियम यांचीही कमतरता आढळते.

न पचलेला मेद आणखी एक उपद्व्याप करतो. तो आतड्यातल्या कॅल्शियमशी जोडला जातो. एरवी हेच कॅल्शियम अन्नातल्या ऑक्झलेटला बांधून बाहेर नेत असते. मोकळे राहिलेले ऑक्झलेट रक्तात आणि तिथून मूत्रपिंडात पोहोचते, आणि मुतखड्याची शक्यता वाढते. स्वादुपिंडाचा रुग्ण मुतखड्याने कळवळतो, तेव्हा दोन्हींचा संबंध सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

सांजपक्षी

माझ्या आईला हाच आजार होता, त्यामुळे साखरेविषयी दोन शब्द. स्वादुपिंडाची हानी इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींपर्यंत पोहोचली की मधुमेह होतो. डॉक्टर त्याला 'टाइप ३ सी' म्हणतात. यात साखर वाढवणारे ग्लुकागॉनही कमी पडते, म्हणून इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाची साखर अचानक खाली घसरू शकते आणि ती सहज वर येत नाही. आईचे एन्झाइम सुरू झाल्यावर खाल्लेले अंगी लागू लागले आणि साखर वाढली. आम्ही घाबरून तिचे जेवण तोडले, ही आमची चूक होती. तोडायला जेवण नको होते, औषधाचे प्रमाण बदलायला हवे होते. दादांचे एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची रक्ततपासणी, अलीकडे पाहिले नसेल तर जरूर पाहावे.

कवडसा

सर्वांचे मनापासून आभार. दादाने गेल्या आठवड्यापासून कॅप्सूल जेवताना घ्यायला सुरुवात केली आहे आणि सोमवारी आम्ही डॉक्टरांना भेटत आहोत. वहिनीने वरची सगळी उत्तरे दोनदा वाचली आणि काही न बोलता तेलाची बाटली पुन्हा ओट्यावर आणून ठेवली.

दोन शंका उरल्या. मात्रा वाढवूनही तवंग राहिला तर पुढे काय? आणि डॉक्टरांनी मलातील इलास्टेजची (स्वादुपिंडात तयार होणाऱ्या एका एन्झाइमची) तपासणी सांगितली आहे. तिच्यासाठी कॅप्सूल काही दिवस बंद ठेवावी लागेल, असे नमुना घेणाऱ्या व्यक्तीने फोनवर सांगितले. पुन्हा वजन उतरेल या भीतीने दादा त्याला तयार नाही.

पाणवठा

कॅप्सूल बंद करण्याची गरज नाही. ही तपासणी मानवी इलास्टेज ओळखते, आणि कॅप्सूलमधले एन्झाइम डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवलेले असतात, त्यामुळे निकालात त्यांची भेसळ होत नाही. (कुणाला हा स्रोत धर्म किंवा आहारनियमांमुळे अडचणीचा वाटत असेल, तर ते डॉक्टरांशी आधीच मोकळेपणाने बोलावे, गुपचूप औषध टाळण्यापेक्षा ते बरे.) मलाच्या एका ग्रॅममध्ये २०० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी इलास्टेज असल्यास कमतरता मानतात, आणि १०० च्या खाली असल्यास ती तीव्र समजतात. उपचार लागू पडतो आहे की नाही हे मात्र या आकड्यावरून कळत नाही, कारण तो कॅप्सूलने सुधारत नाही. सुधारणा वजन, मलाचे स्वरूप, जीवनसत्त्वांच्या पातळ्या आणि अंगातली ताकद यांवरून पाहावी लागते.

तवंग राहिलाच, तर डॉक्टर सहसा या क्रमाने जातात : कॅप्सूल खरोखर प्रत्येक जेवणाबरोबर घेतली जाते का, हे पाहतात, मग मात्रा वाढवतात, मग जठरातील आम्ल कमी करणारे औषध जोडतात, म्हणजे आतड्यातला सामू वर राहून एन्झाइम टिकतात. एवढ्यानेही भागले नाही, तर लहान आतड्यात जिवाणूंची बेसुमार वाढ झाली आहे का, किंवा जुलाबाचे वेगळेच काही कारण आहे का, याचा शोध घेतात. बारीक होत चाललेल्या रुग्णात स्वादुपिंडाच्या कर्करोगाची शक्यताही तपासून बाजूला काढतात. सोमवारी तो विषय निघाल्यास घाबरून जाऊ नका, ती नेहमीची खबरदारी आहे.

इलास्टेजच्या नमुन्याबाबत एकच काळजी घ्यावी. मल पाण्यासारखा पातळ असेल तर इलास्टेज विरळ होऊन आकडा खोटाच कमी येतो. त्या दिवशी दादांना जुलाब होत असतील, तर नमुना न देता दोन दिवस थांबावे आणि प्रयोगशाळेला तसे कळवावे.